हिऱ्यांची शेती आणि आजचा दिवस

पैसा, यश आणि व्यक्तिमत्त्वविकास या विषयांवरील प्रेरक व्याख्यानांना गेल्या काही दशकांत फार मोठा श्रोतृवर्ग लाभला आहे. आपली वैद्यकीय संमेलनेही त्याला अपवाद नाहीत. सकाळी मधुमेहावरील सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. सायंकाळी यशाचा मंत्र सांगणारा वक्ता आला की मागे उभे राहण्याची पाळी येते. याबद्दल नाक मुरडणारे ज्येष्ठ आपल्यात आहेत. मला मात्र त्याचे आश्चर्य वाटत नाही. साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता, पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे आणि अतिविशेषज्ञ व्हावयाचे असल्यास आणखी तीन, एवढा काळ विद्यार्थिदशेत घालवून तरुण डॉक्टर व्यवसायात उतरतो. तोवर बहुधा डोक्यावर कर्ज असते आणि पैशाविषयी त्याला कोणी एक तासभरही शिकवलेले नसते. शरीरातील प्रत्येक स्नायूचे नाव ठाऊक, पण स्वतःच्या दवाखान्याचा ताळेबंद वाचता येत नाही, अशी ही अवस्था. ती पोकळी हे वक्ते भरून काढतात.

प्रश्न उरतो तो एवढाच, की त्यांच्याकडून घ्यावे काय आणि सोडावे काय? नवे औषध वापरण्यापूर्वी आपण त्याचे गुण, मात्रा आणि दुष्परिणाम पारखून घेतो. व्याख्यानालाही हाच न्याय लावावा, असे मला वाटते. त्या दृष्टीने येथे तीन व्याख्यानांचा विचार करीत आहे. पहिले एका धर्मोपदेशकाचे आहे, उरलेली दोन डॉक्टरांची आहेत.

गोवळकोंड्याची एक दंतकथा

पैशाविषयीच्या आधुनिक प्रेरक व्याख्यानांचा मूळपुरुष म्हणून अमेरिकेतील रसेल कॉनवेल (1843–1925) यांचे नाव घ्यावे लागेल. फिलाडेल्फिया शहरातील हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. ‘हिऱ्यांची शेते’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एकच व्याख्यान त्यांनी आयुष्यात सहा हजारांहून अधिक वेळा दिले. त्यातील मध्यवर्ती कथा हैदराबादकरांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. 1870 साली मध्यपूर्वेत प्रवास करीत असताना एका वाटाड्याकडून आपण ती ऐकली, असे कॉनवेल सांगत. अली हाफेद नावाचा एक सुखवस्तू शेतकरी हिऱ्यांच्या लोभाने शेत विकतो, देशोदेशी भटकतो आणि शेवटी दारिद्र्याने खचून स्पेनच्या किनाऱ्यावर समुद्रात देह टाकतो. इकडे त्याच्या विकलेल्या शेतातील ओढ्यात नव्या मालकाला चमकणारा दगड सापडतो. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणीचा शोध असा लागला, असे ती कथा म्हणते.

इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. गोवळकोंडा हे कुतुबशाहीचे ठाणे आणि हिऱ्यांची बाजारपेठ. हिरे निघत ते आजच्या आंध्र प्रदेशातील कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून. पण दंतकथेचे तात्पर्य इतिहासावर अवलंबून नसते. आपण जेथे आहोत तेथील माणसांची गरज ओळखा, ती प्रामाणिकपणे भागवा, संपत्ती तेथेच आहे, हे कॉनवेल यांचे सांगणे होते. प्रामाणिक मार्गाने श्रीमंत होणे हे पाप नसून कर्तव्य आहे, असेही ते ठासून सांगत. आपल्याकडे पैशाचा उच्चारही अशिष्ट मानण्याची एक मध्यमवर्गीय परंपरा आहे. तिच्यावर हा उतारा उपयुक्तच आहे.

आता दुष्परिणाम पाहू. गरीब माणूस बहुतांशी स्वतःच्या दोषांमुळे गरीब असतो आणि सहानुभूतीस पात्र असे गरीब फार थोडे, असेही कॉनवेल याच व्याख्यानात म्हणत. आपल्या तपासणीच्या खोलीत दररोज याच्या विरुद्ध पुरावा येऊन बसतो. डायलिसिससाठी रिक्षा विकणारा रिक्षाचालक, मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण टाकणारी आई, यांच्या गरिबीत त्यांचा दोष कोणता? विशेष म्हणजे कॉनवेल यांचे आचरण त्यांच्या या विधानाहून कितीतरी मोठे होते. व्याख्यानाचे मानधन मिळाले की स्वतःचा खर्च वजा करून उरलेली रक्कम ते एखाद्या होतकरू गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. दिवसभर राबणाऱ्या तरुणांसाठी 1884 साली त्यांनी रात्रीचे वर्ग सुरू केले; त्यांतून आजचे टेम्पल विद्यापीठ उभे राहिले. वक्त्याच्या शब्दांइतकेच त्याच्या हिशेबाच्या वहीकडेही पाहावे, हा यातून मी घेतलेला धडा.

ऑस्लर यांचा दिवसापुरता कप्पा

दुसरे व्याख्यान सर विल्यम ऑस्लर (1849–1919) यांचे. 20 एप्रिल 1913 रोजी, रविवारी सायंकाळी, येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुढे ते झाले. एवढी कीर्ती मिळवणाऱ्याचा मेंदू असामान्य असणार हा लोकांचा समज त्यांनी आरंभीच खोडून काढला. आपली बुद्धी बेताचीच आहे, जे साधले ते सवयीने साधले, असे त्यांनी सांगितले. 1871 साली, वैद्यकाची अंतिम परीक्षा तोंडावर असताना, पुढे काय होणार या चिंतेने त्यांना ग्रासले होते. त्या वेळी कार्लाइल यांचे एक वचन त्यांच्या वाचनात आले: दूरचे धूसर पाहत बसण्यापेक्षा हाताशी असलेले स्पष्ट काम करावे, अशा आशयाचे. मोठ्या जहाजात कप्तान एक कळ दाबून पोलादी दारे बंद करतो व प्रत्येक कप्पा जलाभेद्य होतो, तसे कालचे ओझे आणि उद्याची धास्ती यांची दारे बंद करून आजच्या दिवसाच्या कप्प्यात जगावे, हा ऑस्लर यांचा उपदेश. डेल कार्नेगी यांच्या चिंतामुक्तीवरील 1948 सालच्या लोकप्रिय पुस्तकाचा आरंभही याच प्रसंगाने होतो.

या उपदेशाचा पैशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मनोरंजक आहे. ऑस्लर यांचा वैद्यकावरील सुप्रसिद्ध पाठ्यग्रंथ 1892 साली प्रसिद्ध झाला. ज्या रोगांवर खात्रीचा इलाज नाही तेथे तो नाही असे स्पष्ट लिहिणे, हे त्याचे वैशिष्ट्य. 1897 च्या उन्हाळ्यात जॉन डी. रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी तो वाचला. वैद्यकाला अजून किती थोडे ठाऊक आहे हे पाहून ते चकित झाले आणि संशोधनासाठी संस्था काढण्याचा आग्रह त्यांनी रॉकफेलर यांच्याकडे धरला. 1901 साली रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था स्थापन झाली. ऑस्लर पैशामागे गेले नव्हते. त्यांच्या प्रामाणिक कामाने संपत्तीला वाट दाखवली.

तथापि चांगले काम केले की पैसा आपोआप येतोच, असा सिद्धान्त मात्र कोणी मांडू नये. त्याच 1897 सालच्या 20 ऑगस्टला, आपल्या बेगमपेठेत, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. हुसेन खान नावाच्या रुग्णाला त्यांनी प्रत्येक डासामागे एक आणा या हिशेबाने मोबदला दिला होता. ती इमारत आजही उभी आहे. रॉस यांना 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण पुढे त्यांनी ब्रिटिश सरकारकडे आर्थिक मोबदल्याची मागणी केली, तेव्हा ती मान्य झाली नाही. जेन्नर यांना देवीच्या लसीबद्दल पार्लमेंटने 1802 आणि 1807 साली मिळून 30,000 पौंड दिले होते, हा दाखला असूनही! सारांश, यश आणि धन हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते एकच असल्याचे सांगणाऱ्या वक्त्यापासून सावध राहावे.

गावंडे यांचा विषय : पैसा

तिसरे व्याख्यान अतुल गावंडे यांचे. त्यांचे वडीलही शल्यचिकित्सक. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातले. त्यामुळे मराठी माणसाला त्यांच्याविषयी साहजिकच आपुलकी वाटते. जून 2009 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीदान समारंभात त्यांनी नव्या डॉक्टरांपुढे विषय निवडला तो पैशाचाच. त्याच महिन्यात टेक्सासमधील मॅकॅलन या गावावरील त्यांचा लेख गाजत होता. 2006 साली तेथे मेडिकेअर या सरकारी योजनेचा दरडोई खर्च सुमारे 15,000 डॉलर होता, तर त्याच राज्यातील एल पासो येथे त्याच्या निम्मा. रोगांचे प्रमाण सारखेच, आणि उपचारांचा दर्जाही मॅकॅलनला सरस नव्हता. फरक होता तो चाचण्या, शस्त्रक्रिया आणि भेटी यांच्या संख्येत. काही डॉक्टर रुग्णाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहू लागले की तीच गावाची रीत बनते, असे त्यांना आढळले.

यावर उपाय सुचवताना गावंडे यांनी व्हिएतनाममधील कुपोषणनिवारणाची हकिकत सांगितली. 1990 साली जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य तेथे गेले. बाहेरचे तज्ज्ञ आणि अन्न आणण्याऐवजी त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, की तुमच्यातल्याच गरीब घरांपैकी कोणाची मुले धष्टपुष्ट आहेत? त्या आया भातखाचरातले लहान झिंगे व खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालीत, दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवीत आणि जुलाब झाले तरी अन्न तोडीत नसत. इतरांनी त्यांचे अनुकरण केले आणि कुपोषण घटले. गोवळकोंड्याच्या दंतकथेतील हिरा येथे प्रत्यक्षात शेतात सापडला. फरक एवढाच, की तो एकट्याचा न होता गावाचा झाला.

अशा चांगल्या अपवादांचा शोध घ्या, असे गावंडे यांचे सांगणे. कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन येथे डॉक्टरांनी आपसात ठरवून रुग्ण कोणत्याही योजनेचा असो, मोबदला जवळपास सारखाच ठेवला. एकमेकांच्या रुग्णांचे कागद तपासण्याची रीत घातली. मॅकॅलनही सुधारले. 2009 ते 2012 या काळात तेथील दरडोई खर्च जवळजवळ 3,000 डॉलरनी घटल्याचे गावंडे यांनी 2015 साली लिहिले.

आपल्यापुरते

एका तरुण सहकाऱ्याने मला मध्यंतरी सरळच विचारले, “सर, कट न घेता, न देता हप्ते फिटतात का?” मी म्हणालो, “फिटतात, पण उशिरा. तो उशीर सोसण्याची तयारी आधी करा.” भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, हे आपण सारे जाणतो. तरीही या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, कारण नियम माहीत असल्याने कर्जाचा हप्ता चुकत नाही.

वरील तीन व्याख्यानांतून त्या सहकाऱ्यासाठी मी जे काढले, ते असे. पहिले, आपल्याला किती पुरे, हा आकडा कागदावर लिहावा: घरखर्च, मुलांचे शिक्षण, विमा, म्हातारपण. आकडा नसला की शेजाऱ्याची गाडी हाच आकडा होतो. मोठी यंत्रसामग्री कर्जाने घेण्यापूर्वी हा कागद पाहावा, कारण कर्जाचे यंत्र रुग्ण मागू लागते. दुसरे, उत्पन्नाची प्रत्येक बाब लिहून त्यापुढे विचारावे, की हा पैसा कशाबद्दल मिळाला हे मी त्याच रुग्णाला तोंडावर सांगू शकेन का? ज्या बाबीपुढे लेखणी अडखळते, ती बाब या वर्षी कमी करावी. तिसरे, आपल्या कामातली एक गोष्ट मोजावी. माझ्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी कितींचा दाब आटोक्यात आहे? साध्या सर्दीला मी किती वेळा प्रतिजैविके लिहिली? किमतीमुळे किती जणांनी औषध सोडले? ही मोजणी दररोज पाच मिनिटांची आहे. ऑस्लर यांच्या दिवसाच्या कप्प्यात ती सहज मावते.

चौथी गोष्ट एकट्याने साधणारी नाही. काचीगुडा, सुलतान बाजार या आपल्या जुन्या वस्त्यांत वर्षानुवर्षे स्वच्छ व्यवसाय करून समाधानाने राहिलेली डॉक्टर मंडळी आहेत. त्यांनी दर कसे ठरवले, अडचणीच्या वर्षांत काय केले, कमिशनला नकार कोणत्या शब्दांत दिला, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही आणि कोणत्याही पाहुण्या वक्त्याकडे नाही. म्हणून कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, पुढील वार्षिक संमेलनात पाहुण्या वक्त्याच्या आधी अर्धा तास अशा एका सभासदासाठी राखून ठेवावा. विषय पैशाचाच असावा. तरुण सभासदांनी प्रश्न विचारावेत आणि ज्येष्ठांनी आकड्यांसह उत्तरे द्यावीत.