कात्रणांच्या वहीतले तारे

१९८९च्या हिवाळ्यात दीड महिन्याच्या अंतरानं दोन मराठी चेहरे घरोघरी पोचले. १५ नोव्हेंबरला सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळायला उतरला. २९ डिसेंबरला ‘मैंने प्यार किया’ झळकला. सलमान खानला रातोरात तरुणांचा लाडका करणाऱ्या या सिनेमाची नायिका भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या घरातली. शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे, रीमा लागू आणि संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. हिंदी सिनेमा खरा, पण त्यात आपल्या माणसांचा वाटा केवढा!

मनमाड-काचीगुडा रेल्वेमार्गावरच्या लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावांत ही कीर्ती टप्प्याटप्प्यानं यायची. आधी रेडिओवर गाणी, मग कॅसेट, टीव्हीवर बुधवारच्या ‘चित्रहार’मध्ये एखादं गाणं, आणि सिनेमा प्रत्यक्ष बघायला मिळायचा तो सगळ्यात शेवटी. नाशिकहून निघणाऱ्या ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकाचा एक अंक अनेक हातांतून फिरायचा. त्यातला फोटो कुणी कापून घ्यायचा हे आधीच ठरलेलं असे. सलूनच्या भिंतीवरचं पोस्टर बघून तसाच भांग पाडून मागणारी पोरं तर गावोगाव होती.

हा उशीरच त्या प्रेमाचं बळ होता. वाट सगळे मिळून पाहायचे, म्हणून गाणं लागलं की बोलायला सगळ्यांकडे एकच विषय असायचा.

पण तो काळ सगळाच गोड नव्हता. कलाकाराबद्दल जे छापून येई तेच खरं मानावं लागे. मुलींना आवडत्या नायकाचा फोटो दप्तरात लपवावा लागे. भावाच्या आवडत्या ताऱ्याचा मात्र भिंतीवर दिमाखात लागे. भाग्यश्रीनं लग्न केलं आणि ती पडद्यावरून जवळजवळ दिसेनाशी झाली, तेव्हा चाहत्यांना विचारपूस करायला वाटच नव्हती. आज तीच इन्स्टाग्रामवर आरोग्याच्या टिप्स देते आणि चाहते थेट तिला लिहितात. ही जवळीक चांगलीच आहे. मात्र तेव्हाच्या चाहत्यांचं जग कागदावर होतं, आणि तो कागद झपाट्यानं रद्दीत चाललाय.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून पोस्टर, छायाचित्रं, गाण्यांच्या पुस्तिका जपतं आहे. आपल्या माळ्यावर असं काही पडलं असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी तिथं जरूर विचारा.