इंजिनाचा खुळखुळा

जुन्या पेट्रोल गाडीतला पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून मी पहिल्यांदा कानाशी हलवला, तेव्हा पाळण्यातला खुळखुळा आठवला. अंगठ्याएवढी नळी, आत एक छोटा दट्ट्या आणि एक स्प्रिंग. ना वायर, ना सेन्सर. आणि तरीही गाडी उभी आहे की घाट चढते आहे, हे त्याला कळतं.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली, ऑइलच्या चेंबरकडे निसटतो. त्यात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. तो तिथेच कोंडला तर ऑइलचा काळा चिकट गाळ होतो आणि दाबाने सील गळू लागतात. पूर्वी त्याच्यासाठी गाडीच्या पोटाखाली एक उघडी नळी असे. सगळं रस्त्यावर, म्हणजे आपल्या फुप्फुसांत.

हे थांबलं ते लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमुळे. हॉलंडमध्ये जन्मलेले आरी हागेन-स्मिट या शहराजवळच, कॅलटेक या संस्थेत अननसाच्या स्वादाचं रसायन शोधत होते. हवेतले सूक्ष्म घटक पकडायची तीच हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. न जळलेलं इंधन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन यांतून ओझोन तयार होतो, हे त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं. अननसापासून गाडीपर्यंतची ही वाट मला अजून थक्क करते. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या अमेरिकी गाड्यांना चेंबरमधला वायू इनटेकमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेने, परत इंजिनातच नेऊन जाळणारी पीसीव्ही व्यवस्था बसू लागली.

पण वायू नुसता खेचून घेऊन चालत नाही. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे इनटेकमध्ये व्हॅक्यूम सर्वांत जोरदार. वाट मोकळी ठेवली तर नको तेवढी हवा आत घुसेल आणि इंजिन अडखळेल. म्हणून तोच व्हॅक्यूम दट्ट्याला ओढून वाट अरुंद करतो. ओढ जितकी जास्त, भोक तितकं लहान! ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम उतरतो, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते आणि वाट रुंदावते, नेमकी निसटणारा वायू वाढतो तेव्हाच. इनटेकमध्ये उलटा भडका उडाला, तर त्याच्याच दाबाने दट्ट्या मागे आपटून वाट बंद करतो आणि ज्वाळा ऑइलपर्यंत पोचत नाही. तीन कामं, आणि हलणारा भाग एकच.

तो बिघडला हे ओळखायला हात आणि कान पुरतात. जुन्या गाडीत बहुधा तो टॅपेट कव्हरवरच्या रबरी ग्रोमेटमध्ये खोचलेला असतो. इंजिन चालू ठेवून, पंख्या-पट्ट्यापासून बाही सांभाळत तो उपसावा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवावं. बोट खेचलं गेलं पाहिजे, आत टक् असा ठोका जाणवला पाहिजे, इंजिनाचा सूर किंचित बदलला पाहिजे. ओढच नसेल तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा पाइप. पाइप आधी बघावा. जुना रबर आतून फुगून मिटतो आणि दोष बिचाऱ्या व्हॉल्व्हवर येतो.

मग इंजिन बंद करून खुळखुळा वाजवायचा. आवाज नाही, तर दट्ट्या काजळीत रुतलाय. बंद स्थितीत रुतला तर डिपस्टिक वर सरकते, एअर फिल्टर ऑइलने ओला होतो. उघडा राहिला तर आयडलिंगला गाडी थरथरते. मात्र नुसत्या आवाजावर विसंबू नये. मऊ पडलेली स्प्रिंगही छान खुळखुळते, म्हणून शंका असेल तर नवा बसवावा.

नवा बसवल्यावर एक परीक्षा मला फार आवडते. इंजिन गरम होऊन शांत चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर पातळ कागदाचा तुकडा ठेवायचा. कागद उडत राहिला, तर रिंगाच झिजल्या असतील आणि काम मोठं आहे. सगळं ठीक असेल, तर काही क्षण तो फडफडतो, मग हळूच खाली बसतो आणि तोंडाला चिकटून राहतो.