मक्का शहराचे हवामान आणि हजचा बदलता ऋतू

उष्ण वाळवंटी हवामानाचा पाठ शिकवताना आपण बहुधा सहारा किंवा थरचे उदाहरण देतो. मक्का शहराचे उदाहरण मात्र क्वचितच दिले जाते. वास्तविक आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरातील कोणी ना कोणी वडीलधारे तेथे जाऊन आलेले असतात. तरीही तेथील ऋतुमानाविषयीची माहिती ‘फार ऊन असते’ एवढ्यावरच थांबते. प्रस्तुत लेखात या शहराच्या हवामानाची कारणे, त्याचे ऋतुचक्र आणि हजच्या तारखांशी असलेला त्याचा संबंध थोडक्यात मांडला आहे.

स्थान व कारणे

मक्का सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपले नागपूरही जवळजवळ याच अक्षांशावर आहे. नागपूरला वर्षाला एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर मक्केत सरासरी ११० मिलिमीटरच्या आसपास. अक्षांश एकच असताना एवढा फरक का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उत्तरेकडे सरकते आणि उपोष्ण पट्ट्यात खाली उतरते. खाली येताना दाब वाढल्यामुळे ती तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग तयार होत नाहीत. भारतात उन्हाळ्याच्या अखेरीस नैऋत्य मान्सून ही स्थिती मोडून काढतो. त्यामुळे मे महिन्यात ४३ अंशांपर्यंत जाणारे नागपूरचे सरासरी कमाल तापमान जुलैत ३१-३२ अंशांवर येते. मक्केला असा दिलासा मिळत नाही. तेथे जूनमध्ये सरासरी कमाल तापमान ४३.८ अंश असते आणि ऑगस्टमध्येही ते ४२ च्या खाली येत नाही.

तांबडा समुद्र जेमतेम ७० किलोमीटरवर आहे, पण समुद्राचा गारवा शहरापर्यंत फारसा पोहोचत नाही. शहर उघड्याबोडक्या खडकाळ डोंगरांमधील अरुंद खोऱ्यात वसले आहे. दिवसभर तापलेले डोंगर आणि इमारती रात्री उष्णता सोडतात. जूनमध्ये पहाटेचे तापमानही २८-२९ अंशांच्या आसपास असते. वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी पडते हा सर्वसाधारण समज येथे लागू पडत नाही. जानेवारीतही दिवसा ३० अंश आणि रात्री १९ अंश, असे सुखद हवामान असते.

पाऊस व पूर

पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पडतो. भूमध्य समुद्राकडून येणारी थंड हवा आणि तांबड्या समुद्रावरील बाष्प यांच्या संयोगाने गडगडाटी ढग बनतात. वर्षाचा बराचसा पाऊस मोजक्याच दिवसांत पडून जातो. खडकात पाणी मुरत नाही, त्यामुळे कोरडे ओढे पाहता पाहता दुथडी भरून वाहतात. १९४१ साली काबागृहाभोवती पुराचे पाणी साचले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये शेजारच्या जेद्दा शहरात काही तासांच्या पावसाने आलेल्या पुरात शंभराहून अधिक लोक दगावले. वाळवंटात पाण्याअभावी जीव जातो तसा पाण्यामुळेही जातो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

चांद्र वर्ष आणि ऋतू

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे हजच्या तारखा दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरतात. २००७ साली अरफातचा दिवस १८ डिसेंबरला होता, तर २०२४ साली १५ जूनला. २०२६ साली हज मेच्या अखेरीस येतो. त्यास ‘वसंतातील हज’ म्हटले जाते, परंतु तेथे मेमध्येही सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या घरात असते. खरा फरक एप्रिल-मार्चमध्ये, म्हणजे २०३० नंतर जाणवेल. नावाने ऋतू बदलला म्हणून काळजी सोडता येत नाही.

उष्णता आणि मानवी शरीर

हवा शरीरापेक्षा अधिक तापलेली असेल तर घामाचे बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग उरतो. शरीरातील पाणी कमी झाले किंवा हवा दमट असली की हा मार्गही खुंटतो. शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा. अशा रुग्णावर एकदम बर्फाचे पाणी ओतल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात. हे लक्षात घेऊन खोगली व वाइनर या संशोधकांनी १९८० च्या सुमारास ‘मक्का बॉडी कूलिंग युनिट’ विकसित केले. त्यात अंगावर पाण्याचे बारीक तुषार व कोमट हवा सोडून बाष्पीभवनाने शरीर थंड केले जाते.

इतर उपायही झाले. मिनामध्ये अग्निरोधक वातानुकूलित तंबू आले, अरफातच्या मैदानात आपल्या परिचयाच्या कडुनिंबाची हजारो झाडे लागली, तुषार सोडणारे खांब उभारले गेले. तवाफच्या जागेवर ऊन परावर्तित करणारा पांढरा संगमरवर आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मागील तीन दशकांत मक्केचे तापमान दर दशकाला सुमारे ०.४ अंशाने वाढले, तरी हजमधील उष्माघाताचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले.

मग त्याच वर्षी एवढी जीवितहानी का झाली? १७ जून २०२४ रोजी मस्जिद-ए-हरामच्या परिसरात ५१.८ अंश तापमान नोंदले गेले. त्या हजमध्ये १,३०१ लोक मरण पावले. सौदी सरकारच्या निवेदनानुसार त्यांपैकी ८३ टक्के लोक परवान्याविना आलेले होते आणि भर उन्हात लांबवर पायी चालले होते. तंबू, बस, थंड पाणी यांच्या व्यवस्थेत त्यांचे नाव नव्हते. ऊन सर्वांना सारखेच होते, सावली मात्र सर्वांना मिळाली नाही.

वर्गासाठी एक प्रयोग

मक्का कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो. २८ मेच्या सुमारास भारतीय वेळेनुसार दुपारी २.४८ वाजता आणि १६ जुलैच्या सुमारास २.५७ वाजता. त्या क्षणी मैदानात सरळ उभी रोवलेली काठी पाहावी. तिच्या सावलीच्या नेमकी उलट दिशा ही किब्ल्याची दिशा होय. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेले असते, म्हणून मेचा दिवस बरा.

आपल्या भागातून जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये वयोवृद्धांचे प्रमाण मोठे असते. अधिकृत मार्गानेच जाणे, तहान लागण्यापूर्वीच पाणी पिणे, छत्री जवळ बाळगणे आणि दुपारचे चालणे टाळणे या साध्या गोष्टी आहेत. त्यांमागचे कारण विद्यार्थ्याला नीट समजले तर घरी आजी-आजोबांना तो ते समजावून सांगू शकेल. भूगोलाच्या तासाचा यापेक्षा थेट उपयोग तो कोणता?