बिटकॉइन-खननयंत्रांचे शीतलन
बिटकॉइन-खननयंत्रांचे शीतलन : बिटकॉइन या आभासी चलनाच्या व्यवहारांची नोंद पक्की करण्यासाठी अखंड आकडेमोड करणाऱ्या यंत्रांतील उष्णता बाहेर काढण्याच्या पद्धती. या आकडेमोडीबद्दल नवीन बिटकॉइन पारितोषिक म्हणून मिळतात, म्हणून तिला लक्षणेने खनन म्हणतात. २००९ मध्ये हे काम साध्या संगणकावर होत असे. २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनविलेली संकलित मंडले प्रचारात आली. २०२० च्या सुमारास बाजारात आलेले अशा प्रकारचे एक यंत्र सुमारे ३,२५० वॉट विद्युत् शक्ती घेते व ती जवळजवळ सर्वच उष्णतेत रूपांतरित होते. शीतलनाने ही उष्णता नाहीशी होत नाही. ती कोठे आणि किती खर्चात नेऊन सोडावयाची, एवढाच प्रश्न असतो. मंडले फार तापल्यास त्यांतील गळती-प्रवाह वाढतो, तेवढ्याच कामाला अधिक वीज लागते व आयुष्यही घटते.

हवा-शीतलन : बहुसंख्य यंत्रे पंख्यांसह विकली जातात. वरील यंत्रातून जाणारी हवा १०° से.ने तापू द्यावयाची असल्यास तासाला सुमारे ९७० घ.मी. हवा लागते, म्हणजे एक हजार यंत्रांच्या शाळेला तासाला जवळजवळ दहा लाख घ.मी. समुद्रसपाटीपासून २,००० मी. उंचीवर हवा सुमारे एक-पंचमांशाने विरळ असल्याने हा आकडा आणखी वाढतो. शाळा उभारताना होणारी नेहमीची चूक पंख्यांच्या निवडीत नसून इमारतीच्या रचनेत असते. यंत्रांनी बाहेर टाकलेली उष्ण हवा वळसा घेऊन पुन्हा आत आली, तर कितीही पंखे बसविले तरी तापमान उतरत नाही. म्हणून यंत्रांच्या ओळीची भिंत करून थंड व उष्ण बाजू पूर्णपणे अलग करतात आणि यंत्रांमधील रिकाम्या फटीही बुजवितात. थंड प्रदेशांत हिवाळ्यात मात्र थोडी उष्ण हवा मुद्दाम परत आत घेतात. धूळ ही या पद्धतीची मोठी अडचण होय; गाळण्या लावल्या तर हवेचा प्रवाह मंदावतो, न लावल्या तर शीतपृष्ठांवर पुटे चढतात.

बाहेरील हवा सुमारे ४०° से.च्या वर जाते, तेथे ती ओल्या पडद्यांतून आत घेतात. विदर्भातील वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्वही हेच. कोरड्या हवेत यामुळे तापमान बरेच उतरते. दमट किनारपट्टीवर फारसे नाही. संपीडकाच्या साहाय्याने प्रशीतन केल्यास यंत्रांच्या विजेच्या सुमारे एक-तृतीयांश इतकी जादा वीज लागू शकते. ज्या धंद्यात विजेचा दर हाच नफ्यातोट्याचा निकष, तेथे हा उपाय सहसा बाद ठरतो.

जल-शीतलन : तेवढीच उष्णता तेवढ्याच तापमानवाढीने नेण्यास मिनिटाला ४·७ लिटर पाणी पुरते. मंडलांना भिडलेल्या पोकळ धातूपट्टांतून हे पाणी फिरते. ते बरेच कोमट असले तरी चालते. त्यामुळे उष्ण हवामानातही ते उघड्या हवेतील विनिमयकात, बाष्पीभवनाशिवाय, निववता येते. बाष्पीभवनाचा मनोरा वापरल्यास मात्र दर यंत्रामागे तासाला सुमारे ५ लिटर पाणी उडून जाते. दुष्काळी भागात हा हिशेब आधी करावा लागतो.

निमज्जन-शीतलन : यात पंखे काढून यंत्र विद्युत् निरोधक तेलात बुडवितात. धूळ आणि पंख्यांचा गोंगाट दोन्ही टळतात. परंतु टाक्या, तेल, पंप व विनिमयक यांचा खर्च मोठा असतो, काही केबलींची आवरणे तेलाने कडक होतात आणि दुरुस्तीसाठी यंत्र निथळत ठेवावे लागते. शिवाय उष्णता तेलातून पाण्यात व पाण्यातून हवेत सोडावी लागतेच. टेक्सस राज्यातील रॉकडेल येथे २०० मेगॅवॉट क्षमतेच्या निमज्जन-शीतलनाची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मधील कडाक्याच्या थंडीत तेथील काही इमारतींतील नळांचे नुकसान होऊन बरीच यंत्रे बंद पडली. उकळणाऱ्या फ्ल्युओरिनयुक्त द्रवात यंत्र बुडविण्याची पद्धत अधिक कार्यक्षम आहे. तथापि हे द्रव महाग व पर्यावरणात चिवटपणे टिकणाऱ्या रसायनांच्या वर्गातील असून त्यांच्या एका प्रमुख उत्पादकाने २०२५ अखेर उत्पादन थांबविण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले.

निवड : पारितोषिक सुमारे दर चार वर्षांनी निम्मे होते (एप्रिल २०२४ पासून ३·१२५ बिटकॉइन) व यंत्रेही काही वर्षांत कालबाह्य होतात. त्यामुळे पुढील पिढीच्या यंत्रांना न जुळणारी महाग शीतलन-व्यवस्था वसूल होण्याआधीच निकामी ठरू शकते. थंड, कोरड्या व स्वच्छ हवेच्या ठिकाणी साधी हवाच श्रेयस्कर. धुळीच्या वा अतिउष्ण जागी, वस्तीजवळ अथवा उष्णतेला गिऱ्हाईक असेल तेथे द्रव-शीतलनाचा खर्च समर्थनीय ठरतो. पंख्यांतून निघणारी कोमट हवा दूर नेता येत नाही, गरम पाणी नळांनी नेता येते. फिनलंडमधील साताकुंता भागात २ मेगॅवॉट क्षमतेचा असा प्रकल्प २०२४ मध्ये जाहीर झाला; तेथील खननाची उष्णता सुमारे ११,००० रहिवाशांच्या जिल्हा-तापन योजनेला पुरविली जाते.