एका रुपेरी मोटारीची कुळकथा

जुनी मोटार म्हणजे मोडीचा माल, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु कांहीं वस्तूंना मनुष्याप्रमाणें कूळ, नांव आणि चरित्र असतें. अशाच एका इंग्लिश मोटारीचें चरित्र मी आज आपणांस सांगणार आहें. तिचा नोंदणी-क्रमांक एएक्स २०१ आणि सांगाड्याचा क्रमांक ६०५५१. यांपैकीं दुसरा आंकडा ध्यानांत ठेवावा. त्याचें काम शेवटीं पडणार आहे.

१९०४ सालीं मँचेस्टर येथें दोन माणसांची गांठ पडली. एक हेन्री रॉइस, गरिबींतून वर आलेला यंत्रज्ञ. दुसरा चार्ल्स रोल्स, एका लॉर्डाचा मुलगा व मोटारींचा विक्रेता. या दोघांच्या नांवांची कंपनी १९०६ सालीं स्थापन झाली आणि तिनें सहा सिलिंडरांची एक मोठी मोटार काढली. त्या काळीं कारखाना फक्त इंजिन व सांगाडा तयार करी. वरची बैठक गिऱ्हाईक निराळ्या गाडी-कारागिरांकडून बांधवून घेई. म्हणून मोटारीचा खरा जन्मदाखला म्हणजे सांगाड्याचा क्रमांक. ६०५५१ वर लंडनच्या बार्कर कंपनीनें उघडी बैठक चढविली. व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यानें तिला रुपेरी रंग देवविला, दिव्यांना चांदीचा मुलामा चढविला आणि नांव ठेवलें ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत. भूत अशासाठीं कीं, ती आली-गेली तरी चाहूल लागत नसे.

ही शांतता कोठून आली? लांब तुळईला दोन्ही टोकांसच आधार असला तर ती मध्यें लवते व हादरते. मधून मधून खांब दिले तर स्थिर राहते. या इंजिनाच्या मुख्य दांड्याला सात ठिकाणीं आधार दिले होते, आणि तेल थेंबाथेंबानें न सोडतां दाबानें पोंचविलें जात असे. सात लिटरांहून किंचित् मोठें असें तें इंजिन धीमेपणानें फिरे. त्यामुळें झीज कमी व आवाजहि कमी.

पण शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? १९०७ सालीं रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं या गाडीची १५,००० मैलांची परीक्षा झाली. ग्लासगो ते लंडन अशा तिनें २७ खेपा केल्या. ६२९ मैल झाल्यावर हादऱ्यानें पेट्रोलची तोटी बंद झाली व गाडी मिनिटभर थांबली. त्यानंतरचे १४,३७१ मैल, टायरांची खोटी सोडल्यास, ती आपण होऊन एकदांहि थांबली नाहीं. शेवटीं क्लबनें तिचा पुर्जा न् पुर्जा सुटा करून तपासला. झिजलेले भाग बदलून ती पूर्ववत् करण्यास खर्च आला २ पौंड, २ शिलिंग व ७ पेन्स. त्या वेळच्या दरानें सुमारें ३२ रुपये! माझ्या मतें या गाडीचा खरा दागिना तो चांदीचा मुलामा नव्हे, हा हिशेबाचा आंकडा होय.

तिच्याच जातीची एक बहीण ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नांवानें १९०८ सालीं आपल्याकडे आली. मुंबई-कोल्हापूरच्या ६२० मैलांच्या परीक्षेंत तिनें सहा घाट ओलांडले, आणि पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं विकत घेतली. संस्थानिकांना या मोटारींचें जें वेड लागलें, त्याचा आरंभ असा आपल्याच सह्याद्रीच्या वळणांवर झाला.

आतां मूळ गाडीकडे वळूं. १९०८ सालीं ती एका खाजगी मालकाकडे गेली. त्यानें ती पडद्याखालीं जपून ठेविली नाहीं. ती रस्त्यावर धांवत राहिली. १९४८ सालीं ती कंपनीकडे परत आली. तिच्या एकंदर धांवेचा आंकडा पांच लाख मैलांच्या वर गेला. पुढें मोठाच चमत्कार घडला. रोल्स-रॉइसनें १९३१ सालीं बेंटली ही प्रतिस्पर्धी कंपनी गिळली होती. १९९८ सालीं दोहोंची फाटाफूट झाली. क्रू येथील कारखाना व बेंटली जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे गेली आणि रोल्स-रॉइस हें नांव बीएमडब्ल्यूकडे. वांटणींत ही रुपेरी गाडी राहिली ती बेंटलीकडे! ज्या गाडीनें घराण्याला कीर्ति दिली, तीच अशी दुसऱ्या घरीं गेली. दस्तऐवज पाहूं जातां यांत कांहीं गैर नाहीं. पण नांव एकाकडे व वस्तु दुसऱ्याकडे, ही वांटणी मनाला खटकल्यावांचून राहत नाहीं.

या मधल्या काळांत, १९९० च्या आसपास, गाडी सुटी करून तिचा संपूर्ण जीर्णोद्धार करण्यांत आला होता. येथें एक प्रश्न उद्भवतो. पुर्जे बदलले, रंग नवा दिला, तर गाडी तीच कशी? आपल्या घरांतील पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब घ्या. त्याची तोटी बदलते, जाळी बदलते, बुडाला डाग दिला जातो. तरी बंब आजीचाच म्हणवतो, कारण त्याच्या अंगावर तिचें नांव कोरलेलें असतें व तो रोज पेटत असतो. मोटारीचेंहि तसेंच आहे. ६०५५१ हा आंकडा तिच्यावरचें कोरलेलें नांव आणि अखंड वापर हा तिचा प्राण. मात्र जीर्णोद्धार करणारानें काय जुनें ठेविलें व काय नवें घातलें, याची नोंद प्रामाणिकपणें ठेविली पाहिजे. ही नोंद हरवली कीं वस्तु राहते, पण तिचा इतिहास जातो.

श्रोते हो, १९०७ सालच्या त्या परीक्षकांनीं सात पेन्सांचाहि हिशेब लिहून ठेविला, म्हणून इतक्या वर्षांनीं आपण या गाडीविषयीं खात्रीनें बोलूं शकतों. आपल्याहि घरांत आजोबांचें घड्याळ असेल, एखादी जुनी पेटी असेल. ती केव्हां घेतली, कोणीं दुरुस्त केली, काय बदललें, हें चार ओळींत लिहून तिच्याजवळ ठेवावें. मोटार नसली म्हणून काय झालें? कुळकथा प्रत्येक घरांत असते.