साथीविना गाणे : श्वास आणि गळा

नाताळ जवळ आला की माझ्या दवाखान्यात घसा बसलेल्या तरुण मुलामुलींची संख्या वाढते. डिसेंबरची थंडी, रात्री उशिरापर्यंत घरोघर जाऊन कॅरल गाणे, अपुरी झोप आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव. "डॉक्टर, काहीही करा, पण रविवारपर्यंत आवाज मोकळा करून द्या," ही मागणी ठरलेली. गणपतीत आरत्या म्हणणारे आणि सप्ताहात भजन करणारे हीच मागणी घेऊन येतात. तेव्हा आजचा लेख फक्त ख्रिस्ती बांधवांसाठी आहे, असे वाचकांनी समजू नये.

आपल्याकडील मराठी चर्चमध्ये पेटी, तबला, झांज यांच्या साथीने गाण्याची जुनी परंपरा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-अभंगांच्या वळणाची गीते लिहून ती रुजवली. मिशनच्या शाळा-कॉलेजांतून मात्र आणखी एक प्रकार आला. चार आवाजांचे समूहगान : स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे. त्यातही एकही वाद्य न घेता गातात, त्याला 'आ कापेला' म्हणतात. हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'प्रार्थनामंदिराच्या रीतीने' असा आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सेंट ओलाफ या ल्युथरन कॉलेजात एफ. मेलियस क्रिस्टियनसन यांनी १९१२ मध्ये उभारलेला क्वायर या गायनासाठी जगभर ओळखला जातो. आपल्या मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये असाच एक गायकवर्ग सुरू केला आणि पुढे कूमी वाडिया यांनी तो अनेक वर्षे चालवला.

मी स्वतः वारकरी घरातला. पण शिक्षण एका जुन्या मिशन संस्थेच्या कॉलेजात झाले आणि तेथील क्वायरमध्ये मी खालचा आवाज, म्हणजे बास, गात असे. आमचे सर फक्त नादकाट्यावर एक सूर देत. त्यानंतर गाणे संपेपर्यंत कशाचाच आधार नाही. शेवटी ते पुन्हा नादकाटा वाजवत आणि बहुतेक वेळा आमचा सूर खाली उतरलेला असे. कारण सरळ होते : आमचा श्वास पुरत नसे. (आज मीही नादकाटा वापरतो, पण तो ऐकू येते की नाही हे तपासण्यासाठी!)

या गायनाचा सगळा भार श्वासावर असतो. एरवी आपल्याला श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. गाताना मात्र पटकन व खोल घ्यायचा आणि दहा-बारा सेकंदांपर्यंत पुरवून पुरवून सोडायचा. त्यासाठी छाती वर न उचलता श्वासपटल खाली जावे लागते, पोट व बरगड्या बाजूला फुलाव्या लागतात. लांब ओळ असेल तर सरांचा नियम असा, की शेजारचा श्वास घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही. प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी हळूच घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळ कुठेच तुटलेली वाटत नाही.

असा लांब निःश्वास हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या तरुणांकडून एक स्तोत्र गाऊन घेतले, तेव्हा गाण्याच्या ओळींबरोबर सर्वांच्या ठोक्यांची चढउतार जुळू लागल्याचे दिसले. प्राणायाम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पण यावरून गाण्याने रक्तदाब बरा होतो, गोळ्या बंद करा, असा अर्थ कोणी काढू नये.

या गायनाचा दुसरा गुण मला डॉक्टर झाल्यावर कळला. पेटीच्या मागे बिघडलेला आवाज लपतो, इथे लपत नाही. काही वर्षांपूर्वी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. माजी विद्यार्थ्यांच्या क्वायरमध्ये ते बास गात. विडीची जुनी सवय होती. आवाज घोगरा झाल्याचे घरच्यांच्या लक्षातही आले नव्हते, कारण त्यांचा आवाज मुळातच भरडा. क्वायरच्या सरांनी मात्र त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "तुमचा खर्ज थरथरतोय. महिना झाला, मी ऐकतोय. आधी डॉक्टरांना दाखवा, मग सरावाला या." त्यांना राग आला होता, असे त्यांनीच मला सांगितले. दुर्बिणीने पाहिले तर एका स्वरतंतूवर छोटी पांढरट वाढ दिसली. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला, पण अगदी पहिल्या टप्प्यातला. किरणोपचार झाले. आज ते बरे आहेत, विडी सुटली आहे आणि टेनरवाल्यांना सूर चुकल्याबद्दल टोमणे मारत असतात.

स्वरयंत्राचा कर्करोग पहिल्या टप्प्यात सापडला तर दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस आवाज घोगरा राहिला, तर 'सर्दीचा आहे' म्हणून बसू नका. तंबाखू, विडी, सिगारेट घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात.

तरुणांचा घसा बसतो तो बहुधा ताणामुळे. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, तर स्त्रियांचे दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात. उंच सोप्रानोत हा आकडा हजारावर जातो. सुजलेल्या तंतूंवर गात राहणे म्हणजे मुरगळलेल्या पायाने धावणे. असे वारंवार झाले तर तंतूंवर गाठी येतात. म्हणून "एक स्टिरॉइडचे इंजेक्शन द्या आणि गाऊ द्या" ही विनंती मी सहसा मानत नाही. दोन-तीन दिवस खरे मौन पाळावे, कुजबुजही नको. पाणी भरपूर प्यावे, दोनदा साध्या पाण्याची वाफ घ्यावी. हळद-दूध, मध, गुळण्या यांना माझी हरकत नाही, घशाला बरे वाटते. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. वाफ पोहोचते. सराव संपल्यावर रात्री अकराला तिखट जेवून लगेच आडवे होणाऱ्यांच्या घशात आम्ल वर येते. सकाळी आवाज जड असतो त्याचे तेही एक कारण.

एक धोकाही सांगितला पाहिजे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यात एका क्वायरचा अडीच तास सराव झाला. ६१ जण होते, त्यांतील एकाला सर्दीसारखा त्रास होता. त्या एका सरावातून ५२ जणांना करोना झाल्याचे किंवा झाला असावा असे आढळले, दोघे दगावले. खोल श्वास आत घेणाऱ्या आणि जोराने बाहेर सोडणाऱ्यांनी बंद खोलीत दाटीने उभे राहिल्यावर हे घडते, मग तो करोना असो की फ्लू. तेव्हा सरावाच्या खोलीच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवा, दोन ओळींत अंतर ठेवा आणि ज्याला ताप-खोकला आहे त्याला सरांनी त्या दिवशी घरी पाठवावे, मग तो एकटाच टेनर असला तरी.