बाटलीतला साका पांढरा राहतो तेव्हा

नदीचं पाणी तपासायला घेताना बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नसतो. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडची द्रावणं सोडतात. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर तो पांढराच राहतो. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांची १८८८ सालची ही रीत प्रयोगशाळांत आजही चालते.

दुसरी बाटली २७ अंश तापमानाला तीन दिवस अंधारात ठेवतात. पाण्यातला मैला, मळी कुजवताना जिवाणूंनी तेवढ्या मुदतीत किती प्राणवायू संपवला, तो आकडा म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने केंद्रात आणि राज्यांत प्रदूषण नियंत्रण मंडळं आली, सांडपाणी सोडण्याआधी त्यांची संमती घेणं उद्योगांना बंधनकारक झालं. बाटल्यांचे आकडे याच मंडळांकडे जमा होतात. बीओडी ३ च्या वर गेला की नदीचा तो पट्टा प्रदूषित ठरतो; ३० च्या वर गेला की पहिल्या प्राधान्याचा. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशात असे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले, २०२२ मध्ये ३११. महाराष्ट्रात मात्र ते ५३ वरून ५५ झाले. दोन्ही वेळा देशात सर्वाधिक.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. अनेक ठिकाणी नमुना महिन्यातून एकदाच घेतला जातो. रात्रीत कुणी टाकी रिकामी केली तर बाटलीला पत्ता लागत नाही. म्हणूनच मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तोंडाशी अखंड नोंद ठेवणारी यंत्रं बसवण्याची सक्ती झाली. २०२४ च्या दुरुस्तीने कायद्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांना कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. तो वसूल व्हायचा तर नोंद पक्की हवी.

पण नदीत येणारी घाण फक्त कारखान्यांची नसते. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं आणि त्यातलं २०,२३५ दशलक्ष लिटरच शुद्ध होतं. उरलेलं नाल्यांतून वाहतं. तेव्हा प्रत्येक नाला नदीला मिळतो तिथेही बाटली भरायला हवी, आणि तिचा आकडा महापालिकेच्या अंदाजपत्रकात मैलाशुद्धीकरणाच्या तरतुदीशेजारी छापायला हवा.